तीन नंबरचं कडं

उमेळे, वसई
२३ ऑक्टोबर २००७

चंद्राच्या कचेरीत बसणाऱ्या ज्ञानदाबाईसाहेबांना उमेळ्याच्या श्रीरंगमामाचा आशीर्वाद.

मामा फोन का करत नाही म्हणून तुझी आई माझ्यावर डाफरते. जयवंतीला म्हणावं, तीस वर्षं लेथपाशी उभं राहिलं की माणसाचे कान मशीनच्या नावावर होतात. तू फोनवर बोलतेस ते मला माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं आणि मी उगाच ‘हो हो’ म्हणत बसतो. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की तुमची कडी झाली. एक नाही, तीन. एक यानावर जाणार, एक राखीव आणि एक तुम्ही तोडूनमोडून बघायला. बांगडीएवढं अ‍ॅल्युमिनियमचं कडं, त्यात यानाच्या कॅमेऱ्याचं भिंग बसणार, एवढंच आम्हाला सांगितलंय. पण त्या बांगडीने चार महिने आमचा जीव खाल्ला. फ्रेडरिकशेठनी गाळ्यात तिच्यासाठी काचेची खोली बांधली. आत शिरायचं तर टोपी, डगला, हातमोजे, तोंडाला फडकं. बाहेरची पोरं आम्हाला डॉक्टर म्हणून चिडवतात. तिन्ही कडी मी एकट्याने काढली, नंबरही मीच कोरले. एक आणि दोन मापात आहेत, त्यात वाद नाही. पण तीन नंबरचं असं उतरलंय की फ्रेडरिकशेठनी ते तीनदा मोजलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

परवा रविवारी दसरा झाला. दरवर्षीप्रमाणे मशिनी धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. फ्रेडरिकशेठ सांडोरचे ख्रिस्ती, पण पूजेला हात जोडून उभे असतात आणि नंतर सगळ्यात जास्त पेढे तेच खातात. लेथला कुंकू लागलं, ड्रिलला लागलं, वजनकाट्यालासुद्धा लागलं. आणि जे चंद्रावर जाणार ते मात्र कपाटात डबीत कोरडं पडलेलं. मला ते बरं वाटेना. तुझी बायजामामी पूजेचं ताट घेऊन आली होती. ती म्हणाली, “लेकीला सासरी धाडताना तिचं कपाल मोकलं ठेवतं का कोन?”

मग मंडळी पेढ्यांत गुंतलेली असताना मी काचेच्या खोलीत गेलो. चावी माझ्याकडेच असते. तू रागावशील म्हणून आधीच सांगतो, टोपी घातली, हातमोजे घातले, सगळं रीतसर. तीन नंबरचं कडं काढलं, खोबरेल तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट आतल्या बाजूला लावलं, हात जोडले आणि धुतलेल्या रुमालाने स्वच्छ पुसून होतं तसं डबीत बंद केलं. फ्रेडरिकशेठना बोललो नाही, ते नियमाचे फार. तू घरची म्हणून तुला सांगतो. तुझ्या त्या कायम आठ्या घालून बसणाऱ्या साहेबांना मात्र सांगू नको, नाहीतर ते चंद्राला आंघोळ घालायला लावतील.

काल सकाळी शेठ स्वतः विमानाने डबी घेऊन तुमच्याकडे गेले. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी सहावीत होतो. मास्तरांनी वर्ग सोडून आम्हाला एका घरच्या रेडिओपुढे नेऊन बसवलं होतं. ती माणसं कुठली आणि आपण कुठले, असं तेव्हा वाटलं होतं. आता मी नाही तर निदान माझ्या हातचं काहीतरी तिथे पोचेल. बायजाला हे चारदा सांगून झालं, म्हणून आता तुला.

तुझा मामा,
श्रीरंग


बंगळूर
३१ ऑक्टोबर २००७

मामा,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. मी ते चारदा वाचलं. इथे माझ्यासमोर कुणी नव्हतं ते बरं झालं.

आधी तुम्हाला समजेल असं सांगते. तिथे वर हवा नाही. इथे जे तेल धातूला वर्षभर चिकटून राहतं, ते तिथे वाफ होऊन सुटतं आणि जवळच्या गार काचेवर जाऊन बसतं. तुमच्या कड्याच्या जवळची काच म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग. थेंबभरही नको, बोटाचा ठसा पुरतो. डोळ्यात मोतीबिंदू व्हावा तसं होईल आणि तो काढायला वर कुणी जाणार नाही. शिवाय कुंकवात चुना असतो, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. रुमालाने पुसलेलं आम्ही पुसलेलं धरत नाही. रुमालाचे धागेच वर राहतात.

आता दुसरं. आलेली वस्तू भिंगाखाली बघून पास करायची, हे काम माझं आहे. तुमची तिन्ही कडी मी २६ तारखेलाच पास केली. खाली माझी सही आहे. आणि मापात सगळ्यात चांगलं म्हणून यानासाठी निवडलं गेलंय ते तीन नंबरचंच.

२० नोव्हेंबरला भिंग त्या कड्यात बसवून पक्कं करणार आहेत. त्यानंतर ते उघडत नाही.

मला तीन गोष्टी लगेच कळवा. कुंकू नक्की कुठे लागलं? तेल किती होतं? एक आणि दोन नंबरला तुम्ही हात लावलात का? फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येणार नाही आणि मामीकडून सगळं आईच्या कानावर जाईल. खरं तर मी आत्ताच उठून वर जाऊन हे सांगायला हवं. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते आहे. असं थांबणं हीसुद्धा चूकच आहे, ती मी करते आहे.

ज्ञानदा


उमेळे
६ नोव्हेंबर २००७

ज्ञानदा,

तुझं पत्र वाचून वाटलं, मी कड्याला कुंकू नाही, विष लावलं. बंगळूरला गेल्यापासून तुला आपलं सगळंच अडाणी वाटायला लागलंय का? तीस वर्षं मी दसऱ्याला मशीन पुजतो. एकही मशीन त्यामुळे बिघडलेलं नाही.

असो. तू विनाकारण घाबरली आहेस. पत्र लिहिताना माणूस थोडं रंगवून लिहितो, तसं माझं झालं. कड्याला कुंकू लावलंच नाही. डबीच्या झाकणाला लावलं, बाहेरून. कडी आत प्लास्टिकच्या पिशवीत होती, पिशवीला मी हातही लावला नाही. झाकण लगेच पुसलं. हातमोजे नवे होते. खोलीचं दार मी आत गेल्यावर लावून घेतलं होतं. रुमाल त्याच दिवशी सकाळी बायजाने धुतलेला होता. तेव्हा तुझ्या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर, काही झालेलं नाही.

फ्रेडरिकशेठना पुढच्या कामाची विचारणा आलीय. तुमच्याकडूनच. त्यांनी दोन नवी पोरं शिकायला घेतली. गाळ्यात अकरा जण आहोत, सगळे खुशीत आहेत. तू आता उगाच काही काढू नकोस.

भाऊबिजेला आचोळ्याला जयवंतीकडे जाणार आहे. तू येणार नाहीस असं ती म्हणाली. दिवाळीला तरी माणसाने घरी यावं.

मामा


बंगळूर
१० नोव्हेंबर २००७

मामा,

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. वाटलं, सुटले. संध्याकाळी मेसमध्ये दोन वाट्या खीर खाल्ली. मग खोलीवर येऊन पुन्हा वाचलं.

डबी मी उघडली होती, मामा. झाकण पांढरं आहे. उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी त्याचे फोटो काढतात, तेही मीच काढले. तेलातलं कुंकू पांढऱ्या प्लास्टिकवर पुसलं तरी गुलाबी डाग ठेवतं, हे हळदीकुंकवाला जाणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. झाकणावर काही नव्हतं. आणि मी विचारलेलं नसताना तुम्ही हातमोजे नवे होते, दार लावलं होतं, रुमाल कधी धुतला होता हे सगळं लिहिलंत. तुम्ही असं कधी लिहीत नाही.

आता माझं सांगते. कडं भिंगाखाली ठेवून एक पूर्ण फेरा फिरवायचं असतं. आठ ठिकाणी थांबायचं आणि प्रत्येक ठिकाणी बघायचं. एक नंबरला मी आठ वेळा थांबले, दोन नंबरला आठ वेळा थांबले. तीन नंबरला पाच वेळा. पाचव्या ठिकाणी तुमचा कोरलेला आकडा दिसला, शेपूट लांब काढलेला तीन. लहानपणी तुम्ही माझ्या पाटीवर काढायचात तसाच. मी हसले आणि कडं खाली ठेवून सही केली. मामाचं आहे, आणखी काय बघायचं, असं मला वाटलं. त्या आठ ठिकाणांपैकी तीन ठिकाणं मी पाहिलेलीच नाहीत.

म्हणजे तुम्ही लपवताय ते एक आणि मी लपवत होते ते दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये ते कडं.

परवा, सोमवारी सकाळी, मी तुमची दोन्ही पत्रं घेऊन साहेबांकडे जाणार आहे. तुम्हाला न सांगता गेले असते तर मला तोंड दाखवता आलं नसतं. हे पत्र तुम्हाला सोमवारनंतरच मिळेल हे मला माहीत आहे, तरी आधी लिहिलं. तुम्ही माझे मामा आहात हे मी इथे कुणाला सांगितलेलं नव्हतं, आपली आडनावं वेगळी असल्याने कुणी विचारलंही नाही. तेही आता सांगेन.

नोकरी जाईल की नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते आहे.

ज्ञानदा


उमेळे
१२ नोव्हेंबर २००७

ज्ञानदा, बाळ,

मी तुला खोटं लिहिलं. झाकणाचं खोटं आहे. पहिल्या पत्रात लिहिलं तेच खरं.

काल भाऊबिजेला आचोळ्याला गेलो होतो. तुझ्या आईने पाट मांडला, ओवाळलं, आणि ओवाळता ओवाळता माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, “दादा, पोरगी फोनवर बोलतच नाही. नुसता श्वास ऐकू येतो.” मग म्हणाली, तुमची पत्रं जातात ना तिला, काय झालंय तिला? मी म्हटलं, कामाचा ताण असेल. ताटातली जिलबी तशीच ठेवून उठलो. तिने ओवाळलेल्या कपाळाने तिच्या पोरीबद्दल तिच्याशी खोटं बोललो, हे मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

आज सकाळी गाळ्यावर लवकर गेलो आणि फ्रेडरिकशेठना सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाही म्हणून ते महत्त्वाचं असलं की कागदावर लिहून विचारतात. त्यांनी लिहिलं, ‘आतून की बाहेरून?’ मी म्हटलं, आतून, भिंग बसतं त्या खाचेच्या कडेला. त्यांनी लिहिलं, ‘बाकीची दोन?’ मी म्हटलं, शिवलो नाही. मग पेन टेबलावर ठेवलं आणि तोंडानेच बोलले. ओठांवरून मला कळलं. “श्रीरंग, माझ्या बापाची वाडी विकून ही खोली बांधली मी.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला, मी चावी दिली. त्यांनी लगेच तुमच्या केंद्राला फॅक्स केला. त्यात माझं नाव आहे, तुझं नाही. तू माझी भाची आहेस हे त्यांना ठाऊक आहे, पण ते त्यांनी लिहिलं नाही.

आता मी सांगतो तसं कर. माझं पहिलं पत्र जाळून टाक. तुला कुणी विचारलं तर सांग, ह्या माणसाने मला काही कळवलं नव्हतं. सगळं माझ्यावर येऊ दे. मी लेथवाला माणूस, मला कुठेही काम मिळेल. तुला चंद्राचं काम दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि हे मात्र नीट ऐक. एक आणि दोन नंबरला मी शिवलेलो नाही. पिशवीतून काढलंच नाही. हे खरं आहे. पाहिजे तर मी तिथे येऊन हे सांगतो.

मामा


बंगळूर
१९ नोव्हेंबर २००७

मामा,

तुमचं १२ तारखेचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तुमचं पहिलं पत्र पाच दिवसांपासून साहेबांच्या टेबलावर होतं. जाळायला माझ्याकडे राहिलंच नव्हतं. असतं तरी मी जाळलं नसतं.

तीन नंबरचं कडं पुन्हा भिंगाखाली घेतलं. मला हात लावू दिला नाही, मी मागे उभी होते. सातव्या ठिकाणी, खाचेच्या कडेला, मोहरीच्या निम्म्याएवढा लाल ठिपका निघाला आणि त्याच्याभोवती तेलाचा पातळ पडदा. पाचव्या ठिकाणी मी बघणं सोडलं नसतं तर मला तो दिसला असता. कडं बाद झालं.

मग परवा चौकशीला बसले. सात जण होते, त्यांतल्या कुणालाच मराठी येत नाही. तुमची तिन्ही पत्रं मला मोठ्याने इंग्रजीत सांगायला लावली, ओळ न ओळ. कान मशीनच्या नावावर झाले ते सांगितलं. पेढे सांगितले. बायजामामीचं लेकीच्या कपाळाचं बोलणं सांगितलं, तेव्हा एक बाई खाली बघू लागल्या. साहेबांच्या आठ्यांचं वाक्यही मी गाळलं नाही. ते हसले नाहीत. आईने ओवाळलं तिथे आले तेव्हा मी पाणी मागून घेतलं. मग पुढचं वाचलं.

सगळं झाल्यावर साहेबांनी पत्रं एकावर एक नीट ठेवली आणि मला विचारलं, “हा माणूस म्हणतो एक आणि दोनला शिवलो नाही. तू त्याला जन्मापासून ओळखतेस. विश्वास ठेवायचा?”

मी ‘हो’ म्हटलं असतं तर राखीव ठेवलेलं दोन नंबरचं कडं उद्या बसवता आलं असतं. काम एक दिवसही लांबलं नसतं. ‘नाही’ म्हटलं तर दोन्ही कडी हवा काढलेल्या भट्टीत घालून तापवत ठेवायची, शेजारी काच ठेवून तिच्यावर काही बसतं का ते बघायचं, पंधरा-वीस दिवस जाणार. इतके दिवस कुणाकडेच नाहीत. आणि कशातही खोट निघाली तर पहिल्यापासून नवीन कडी करायची, तीही दुसऱ्याकडून.

मी ‘नाही’ म्हटलं.

मामा, तुम्ही मला एकदा खोटं लिहिलंत ते गाळ्यातल्या अकरा माणसांसाठी. तिसऱ्या पत्रात ‘पत्र जाळ’ म्हणालात ते माझ्यासाठी. माझ्यासाठी तुम्ही खोटं लिहू शकता हे त्याच पत्रात लिहिलेलं होतं, आणि ‘शिवलो नाही’ हेही त्याच पत्रात. मी काय करायला हवं होतं? माझा तुमच्यावर जीव आहे. पण त्या खोलीत तो उपयोगाचा नव्हता.

बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडले. मला ह्या कामावरून काढून कागदपत्रांच्या विभागात टाकलंय. नोकरी आहे. तुमच्याशी यानाबद्दल पत्रव्यवहार करायचा नाही असं माझ्याकडून लिहून घेतलंय. ते उद्यापासून लागू होतं, म्हणून हे आज लिहिते आहे. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून यावं.

ज्ञानदा


उमेळे
३० नोव्हेंबर २००७

ज्ञानदा,

पत्र मिळून सहा दिवस झाले. तू उत्तर देऊ शकत नाहीस हे माहीत आहे, तरी लिहितो.

मला राग आलाय. सात परक्या माणसांसमोर माझी भाची म्हणाली, ह्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुला खांद्यावर बसवून किल्ल्याच्या जत्रेला नेलं ते मी. तुझ्या बापाची बदली झाली तेव्हा वर्षभर तुझी शाळा सांभाळली तीही मीच. खोटं बोललो, कबूल आहे. पण खरं बोललो तेही तू खोट्यातच मोजलंस.

फ्रेडरिकशेठना तुझं पत्र वाचायला दिलं. त्यांनी वाचून परत दिलं आणि कागदावर लिहिलं, ‘मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.’ मी तो कागद चुरगळला. मग दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही.

पुढचं काम आमच्याकडे येणार नाही असं पत्र शेठना आलंय. शिकायला घेतलेली दोन पोरं गेली. मला त्यांनी काढलं नाही. मी विचारलं, का ठेवता? तर म्हणाले, आपल्या रोजच्या पंपांचे दांडे लेथवर कोण काढणार?

भट्टीत काय होतंय देव जाणे. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच येतो. जर त्या दोघांवरही काही निघालं, तर तू म्हणालीस तेच खरं ठरेल आणि मी जगासमोर कायमचा खोटा. शिवलो नाही, हे मला पक्कं आठवतं. पण तुझं पत्र वाचल्यापासून मीच मनात पुन्हा पुन्हा ती डबी उघडून बघतो. पिशवी खरंच बंद होती का, हे आता मलाही छातीठोकपणे सांगता येईना. माझी ही गत तू केलीस.

श्रीरंग


बंगळूर
१८ नोव्हेंबर २००८

मामा,

वर्ष झालं. आई इथे दोनदा येऊन गेली, तुमची खुशाली तिच्याकडून कळायची. ती कधी काही विचारायची नाही. पापड ठेवायची आणि म्हणायची, मामाने दिलेत. बायजामामीने दिलेत हे मला समजायचं.

यान गेल्या महिन्यात गेलं. ह्या महिन्याच्या आठ तारखेला चंद्राभोवती फिरायला लागलं. परवा साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी तुमची पत्रं कपाटातून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही तुझी आहेत, आता लिहायला हरकत नाही.

तर गेल्या वर्षी डिसेंबरात काय झालं ते आज लिहिते. एक आणि दोन नंबरची कडी भट्टीत अठरा दिवस होती. शेजारी गार काच ठेवली होती. त्या काचेवर काही आलं असतं तर दिसलं असतं. मला तिथे जायची परवानगी नव्हती. मी जेवणाच्या सुट्टीत त्या इमारतीच्या बाहेर उभी राहायची, नुसती. अठराव्या दिवशी एक मुलगी बाहेर आली. मी कोण ते तिला ठाऊक होतं. तिने लांबूनच हाताने सांगितलं, स्वच्छ.

दोन्ही स्वच्छ निघाली, मामा. तुम्ही खरं लिहिलं होतंत.

हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. वर्षभर मला ते ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. आईजवळ निरोप देता आला असता. पण एकदा सही अर्धवट बघून केली होती, आता लिहून दिलेलं मोडायचं धाडस झालं नाही. तुम्ही तिथे रोज ती डबी मनात उघडत असाल, हे मला माहीत होतं. तुमचं ३० तारखेचं पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय, दर आठवड्याला वाचते.

तुम्ही माफ करा असं म्हणत नाही. त्या दिवशी मला पुन्हा विचारलं तरी मी पुन्हा ‘नाही’च म्हणेन, आणि पुन्हा जिन्यात बसून रडेन. दोन्ही खरं आहे.

यानावर दोन नंबरचं कडं आहे. त्यातून काढलेला चंद्राचा फोटो सोबत पाठवते. कडेचे खड्डेसुद्धा स्पष्ट आले आहेत.

ज्ञानदा


उमेळे
२४ नोव्हेंबर २००८

ज्ञानदा, बाळ,

फोटो मिळाला. आधी फ्रेडरिकशेठना नेऊन दाखवला. ते चष्मा काढून, अगदी डोळ्यांजवळ धरून बघत राहिले आणि मग सगळ्या कामगारांना बोलावलं. काचेच्या खोलीत आता आम्ही दुपारचे डबे खातो, तिथेच टेबलावर ठेवला. जो तो विचारायला लागला, श्रीरंगदादा, ह्यात तुमचं काय? मी म्हटलं, ह्यात माझं काही दिसत नाही, दिसत नाही म्हणूनच फोटो आलाय.

घरी येऊन दार लावून घेतलं. बायजा बाहेरून हाका मारत होती म्हणे, मला ऐकू आलं नाही. पन्नाशीचा माणूस असा रडतो हे तिने बघू नये असं वाटलं. स्वच्छ निघाली हे वर्षाने का होईना, कळलं. ती डबी आता मी मनात उघडत नाही.

तू ‘नाही’ म्हणालीस ते बरोबर होतं. हे पटायला मला वर्ष लागलं, आणि पटलं तरी दुखायचं थांबलेलं नाही. तुलाही थांबलं नसेल. ते आपण दोघांनी वाटून घेऊ.

एक मात्र तुला सांगायचं राहिलं होतं. दोन नंबरचं कडं मला कधीच आवडलं नव्हतं. ते काढलं त्या दिवशी माझं बायजाशी भांडण झालं होतं, चित्त ठिकाणावर नव्हतं, कसंबसं मापात बसवलं. तीन नंबरवर माझा सगळा जीव होता, म्हणून तर त्यालाच शिवलो. ज्याला शिवलो ते इथेच राहिलं आणि ज्याच्याकडे वळूनही बघितलं नाही ते चंद्रापाशी फिरतंय. लेथ बंद केला की रोज थोडा वेळ मी हेच म्हणत बसतो.

सुट्टी काढून ये. स्टेशनावर मी उभा असेन. हाक मारू नकोस, मला ऐकू येणार नाही, जवळ येऊन हात धर.

तुझा मामा,
श्रीरंग